वाळीत टाकणाऱ्यांचं गणित

1893 च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. कर्वे तेव्हा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. पुढे ते दापोलीजवळच्या मुरूड या आपल्या गावी गेले, तेव्हा गावाने सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरचेही वाळीत, असंही ठरलं. 'गुन्हा' कर्व्यांचा आणि धाक त्यांच्या आईला! समाज आपले नियम कसे टिकवतो याची किल्ली मला या दुसऱ्या धमकीत दिसते.

कारण शिक्षा करणं फुकटात होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स बुडवणाऱ्याला तोंडावर विचारून वाईटपणा कोण घेणार? वसुली झाली तर फायदा सगळ्यांचा, वैर मात्र विचारणाऱ्याच्या गळ्यात. मग शहाणा माणूस गप्पच बसेल, असं हिशेब सांगतो.

अर्न्स्ट फेर आणि सिमोन गेख्टर यांचा 2002 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वेगळंच सांगतो. झ्युरिकमधले 240 विद्यार्थी, चौघाचौघांचे गट, प्रत्येकाकडे 20 पॉइंट. सामायिक खात्यात टाकलेल्या दर पॉइंटमागे चौघांनाही 0.4 पॉइंट मिळणार. चौघांनी सगळे टाकले तर प्रत्येकाचे 32 होतात. एकाने हात आखडला तर त्याचे होतात 44 आणि बाकीच्या तिघांचे 24. साहजिकच फेरीगणिक लोकांचे हात आखडत गेले. मग शिक्षेची सोय केली: स्वतःचा एक पॉइंट घालवा आणि दुसऱ्याचे तीन कापा. गट दर फेरीला बदलत होते. म्हणजे शिक्षा झालेला सुधारला, तरी त्याचा लाभ दुसऱ्याच कुणाला मिळणार. तरीही 84 टक्क्यांहून जास्त जणांनी निदान एकदा तरी पदरमोड करून शिक्षा केली आणि खात्यात भर पडू लागली. फुकट्यांचा राग येतो आणि त्या रागापायी माणूस पैसे मोजतो, असा संशोधकांचा निष्कर्ष.

इथवर गोष्ट गोड आहे. पण 2008 मध्ये बेनेडिक्ट हेरमान, क्रिस्टियान थ्योनी आणि गेख्टर यांनी असाच खेळ जगातल्या ठिकठिकाणच्या 16 गटांशी खेळून पाहिला. मस्कत, अथेन्स अशा काही ठिकाणी लोकांनी जास्त देणाऱ्यांचेही पॉइंट कापले. 'फार शहाणा लागून गेलास' ही भावना आपल्यालाही काही नवी नाही. फुकट्याला वठणीवर आणणारं हत्यार चार पावलं पुढे चालणाऱ्यावरही तितकंच चालतं. कर्व्यांवर चाललं ते हेच.

पण गावातला प्रत्येक माणूस मनातून कर्व्यांवर चिडलेला होता का? तसं असायची गरजच नाही. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी 1986 मध्ये कॉम्प्युटरवर आभासी समाज चालवून पाहिले. नुसती नियम मोडणाऱ्यालाच शिक्षा असेल, तर ती करायचा लोकांना कंटाळा येतो आणि नियम ढासळतो. मात्र शिक्षा न करणाऱ्यालाही शिक्षा ठेवली की नियम टिकतो. नियम चांगला की वाईट, याच्याशी त्या गणिताला काही देणंघेणं नाही.

याची माणसांमधली बाजू रॉब विलर, को कुवाबारा आणि मायकेल मेसी यांनी 2009 मध्ये दाखवली. एकाच बाटलीतली वाइन त्यांनी वेगवेगळी म्हणून चाखायला दिली. गटात आधी बोलणाऱ्यांनी, संशोधकांशी आधीच ठरल्याप्रमाणे, तिच्यात फरक असल्याचं सांगितलं आणि पुष्कळांनी त्यांचीच री ओढली. एकाने मात्र खरं ते सांगितलं. री ओढणाऱ्यांना इतरांना गुण द्यायला लावले, तेव्हा चारचौघांत त्यांनी त्या खरं बोलणाऱ्याला कमी गुण दिले. गुण गुप्तपणे द्यायचे होते तेव्हा मात्र त्यालाच जास्त दिले! आपण मनापासून गटाचे आहोत हे दाखवायचं, तर दुसऱ्यावर दात-ओठ खाणं हा सर्वात स्वस्त उपाय. बहिष्काराच्या सभेत सर्वात मोठा आवाज कुणाचा असतो, याचा मी तेव्हापासून वेगळा विचार करतो.

महाराष्ट्राने या यंत्राला कायद्याने हात घातला तो दुसऱ्यांदा. मुंबई राज्याचा 1949 चा बहिष्कारविरोधी कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घटनाबाह्य ठरवला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चळवळ चालवली. 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

या कायद्याचं मोल फक्त किती पंच तुरुंगात गेले यावर मोजू नये, असं मला वाटतं. वाळीत पडलेल्याशी बोलावंसं वाटणाऱ्या, पण पंचांना भिणाऱ्या शेजाऱ्याला आता म्हणता येतं, "मला कशाला गुन्ह्यात अडकवता?" बंडाचा आव न आणता मागे सरायला एवढी सबब पुरते.