दांपत्य समुपदेशनातील कलोपचार

पती-पत्नींच्या समुपदेशनात बोलण्याच्या जोडीला चित्र, माती किंवा मासिकांतील कात्रणांचे कोलाज वापरण्याची पद्धत. चित्रकला येण्याची अट नसते. एकाच कागदावर आधी हात कोण घालतो, दुसऱ्याच्या रेषेवरून रेघ कोण ओढतो, कोपऱ्यात कोण सरकतो, हे समुपदेशकाला आणि मुख्य म्हणजे त्या दोघांना समोर दिसावे, यासाठी ही सारी खटपट असते.

‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये रूढ केली. क्षयरोगामुळे आरोग्यधामात राहावे लागले असताना चित्र काढल्याने मनाला उभारी येते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी त्याच दशकात या उपचाराला मनोविश्लेषणाची बैठक दिली. मात्र हे काम एकेकट्या रुग्णापुरते होते. संपूर्ण कुटुंबाला एकत्र चित्र काढायला बसवण्याचा प्रघात हॅना क्वियाटकोव्स्का यांनी मेरीलँडमधील बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५८ च्या सुमारास पाडला. त्याच संस्थेत काम करणाऱ्या हॅरिएट वेडसन यांनी तो जोडप्यांकडे वळवला आणि १९७२ मध्ये त्यावर शोधलेख प्रसिद्ध केला.

वेडसन यांचे तीन प्रयोग आजही पायाभूत मानले जातात. पहिल्यात दोघांनी न बोलता मिळून एक चित्र काढायचे असते. काय काढायचे हे ठरवायला शब्दच नसल्याने पुढाकार, माघार, कुरघोडी आणि साथ हे सगळे रेषांतूनच घडते. भांडणात बोलण्यात तरबेज असलेल्याचीच सरशी होते. घुम्या जोडीदाराला आपली बाजू मांडायला इथे प्रथमच जागा मिळते, हे या प्रयोगाचे मोठे बळ आहे. दुसऱ्यात प्रत्येकाने आपल्या नात्याचे अमूर्त चित्र स्वतंत्र कागदावर काढायचे आणि नंतर दोन्ही चित्रे शेजारी ठेवून बोलायचे.

तिसरा प्रयोग सर्वांत नाजूक. प्रत्येकाने स्वतःचे पूर्णाकृती चित्र काढून ते जोडीदाराच्या हाती द्यायचे. जोडीदाराला त्यात हवा तो फेरफार करण्याची मुभा असते. आपल्या आकृतीवर दुसऱ्याचा खडू फिरताना पाहणे सोपे नाही. ‘तू मला बदलू पाहतोस’ ही तक्रार इथे कागदावर प्रत्यक्ष घडू शकते, तशीच अनपेक्षित हळुवारताही प्रकटू शकते. म्हणून पुरेसा विश्वास जुळण्याआधी हा प्रयोग हाती न घेणेच शहाणपणाचे.

लॉस एंजेलिसमध्ये काम करणाऱ्या हेलन लँडगार्टन यांनी कौटुंबिक कलोपचारात एक साधा नियम वापरला: प्रत्येकाचा रंग वेगळा आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. त्यामुळे कोणती रेघ कोणाची हे नंतरही दिसते आणि ‘मी असे केलेच नाही’ हा वाद उरत नाही. एकदा न बोलता आणि एकदा बोलत, अशी दोन चित्रे काढून घेतली की संवाद सुरू झाल्यावर सहकार्य वाढते की बिघडते, तेही कळते.

काळा रंग म्हणजे नैराश्य, मोठी आकृती म्हणजे अहंकार, असले ठोकताळे या कामात निरुपयोगी आणि घातकही ठरतात. चित्राचा अर्थ आधी काढणाऱ्याने सांगायचा असतो. समुपदेशकाने ‘ही रेघ इथे का थांबली?’ एवढे विचारले तरी पुष्कळदा पुरते. नात्यात मारहाण, धाक किंवा जबरदस्ती असेल तर जोडप्याला एकत्र बसवणे टाळावे. कागदावर निर्भयपणे उमटलेल्या गोष्टीची किंमत पीडित व्यक्तीला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. अशा वेळी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलून तिची सुरक्षितता आधी पाहावी लागते.

या पद्धतीवरील बरेचसे लेखन प्रत्यक्ष उपचारांच्या वर्णनांवर आणि छोट्या अभ्यासांवर आधारलेले आहे; मोठ्या तुलनात्मक चाचण्या कमी आहेत. त्यामुळे दांपत्य समुपदेशनाच्या प्रस्थापित पद्धतींना पूरक म्हणूनच तिचा वापर करणे योग्य. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे पदनाम कायद्याने संरक्षित असून नोंदणीशिवाय ते लावता येत नाही.