रंग न लावता पाहिलेली ऊती

पिंपळगावच्या बागेतलं द्राक्षाचं पान स्पिरिटमध्ये चुरगळा, गाळून घ्या आणि अंधारात त्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरा. हिरवं द्रावण लाल उजळतं. रंग कुणी मिसळलेला नसतो. हरितद्रव्यच दिव्याचा प्रकाश घेऊन लाल प्रकाश बाहेर टाकतं.

आपल्या पेशींतही असे रेणू असतात, फक्त फार मंद चमकणारे. म्हणूनच ऊती, म्हणजे पेशींचा समूह, रंग न लावताही पाहता येते. ऊर्जानिर्मितीतला एनएडीएच सुमारे ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेऊन ४६० च्या आसपास निळा देतो. त्याच कामातला दुसरा रेणू एफएडी ४५० घेऊन ५३० ला हिरवा. खरी गंमत पुढे आहे. एनएडीएचने इलेक्ट्रॉन दिले की तो विझतो, एफएडीने घेतले की तोही विझतो. त्यामुळे दोघांच्या उजेडाचं गुणोत्तर पेशी साखर कशी वापरते हे सुचवतं, आणि कर्करोगात नेमकं तेच बदललेलं असतं.

नाशिकच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायॉप्सी गेली की ऊती टिकवणारं फॉर्मॅलिन, मेण, तीन-चार मायक्रॉनचे काप, मग हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा गुलाबी-जांभळा रंग. पद्धत जुनी आणि भक्कम आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण सुईने काढलेला तुकडा मुळात जेमतेम दीडेक मिलिमीटर जाडीचा. प्रत्येक नव्या चाचणीला त्यातला एक काप खर्ची पडतो, आणि फॉर्मॅलिनमध्ये पेशीचा जिवंत व्यवहार तर थांबलेलाच असतो.

ऊतीला आधार देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं तंत्र आणखी वेगळं. तीव्र लेसरचे दोन फोटॉन त्यात एकवटून एक होतात: ८०० नॅनोमीटर आत, बरोबर ४०० बाहेर. स्तनाच्या गाठीच्या कडेला हे तंतू काटकोनात उभे दिसले, तर आजार पसरण्याचा धोका जास्त असल्याचं संशोधनात आढळलं आहे.

तिसरी वाट चंद्रशेखर वेंकट रामन यांची, १९२८ ची. रेणूवर आदळून विखुरणाऱ्या साधारण कोटीभर फोटॉनांत एखादाच आपली तरंगलांबी बदलतो. दोन लेसर जुळवून हा क्षीण संकेत वाढवला, की चरबी आणि प्रथिनं वेगवेगळी दिसतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेत ताज्या तुकड्याचं असं चित्र काही मिनिटांत मिळवून दाखवलेलं आहे.

आता संगणक अशा चित्राला नेहमीचा गुलाबी-जांभळा साज चढवून देतो. डॉक्टरांच्या सवयीच्या दृष्टीने ते सोयीचं. मला मात्र धास्ती वाटते. संगणकाचं मॉडेल चुकलं, तरी चित्र देखणंच दिसतं. म्हणून शेजारी मूळ, न रंगवलेलं चित्रही हवं.