कच्चं बिल, पक्कं बिल

इंदूरच्या सराफ्यात आत्याबरोबर पाटल्या घ्यायला गेले होते. वजन झालं, भाव ठरला, मग दुकानदाराने सहज विचारलं, "बिल कच्चा बनाऊं या पक्का?" पक्क्यावर 3 टक्के जीएसटी. आत्या म्हणाली, "कच्चा ही दे दो, भैया." हातात आली ती दुकानाचं नावही नसलेली चिठ्ठी, त्यावर पेनाने लिहिलेलं वजन आणि रक्कम. हीच आत्या भाजीवाल्याने चुकून दहा रुपये जास्त दिले तर ते परत करायला भर उन्हात माघारी जाते.

तिला ढोंगी म्हणणं मला पटत नाही. 1981 पासून चालत आलेल्या 'वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे' या अनेक देशांतल्या मतपाहणीत लोकांना विचारतात: संधी मिळाली तर कर चुकवणं कितपत समर्थनीय? 1 म्हणजे कधीच नाही, 10 म्हणजे नेहमीच. बहुतेक देशांत सर्वाधिक लोक 1 वर बोट ठेवतात. आत्याही तेच करेल, आणि मनापासून करेल. पण रॉबर्ट मॅगी या अभ्यासकाने अनेक देशांत प्रश्न फोडून विचारला. सरकार भ्रष्ट असेल तर? करच अन्यायाचा असेल तर? तिथे 'कधीच नाही' डळमळू लागतं.

मग वागणं कशावर ठरतं? ॲलिंगहॅम आणि सँडमो या अर्थतज्ज्ञांनी 1972 मध्ये साधं गणित मांडलं होतं: पकडलं जाण्याची शक्यता किती, दंड किती. डेन्मार्कमध्ये 40 हजारांहून अधिक करदात्यांवर झालेल्या प्रयोगाने (2011 मध्ये प्रसिद्ध) त्यात मोलाची भर घातली. पगारासारखं जे उत्पन्न मालक किंवा बँक परस्पर कळवते, त्यात चोरी जवळजवळ शून्य. जे स्वतःच सांगायचं, त्यात मोठी. म्हणजे नोकरदार जास्त सज्जन असतो असं नव्हे. त्याचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच घेतला जाणारा कर, आधीच कापलेला असतो.

जीएसटीची साखळीही अशीच एकमेकांवर नजर ठेवते. घाऊक व्यापाऱ्याकडून पक्कं बिल घेतलं तरच किरकोळ दुकानदाराला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून तो ते मागून घेतो. साखळी तुटते ती शेवटच्या कडीला, आत्यापाशी. तिला वजावट नाही, उलट खर्चच. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने 2007 मध्ये नेमकी हीच कडी धरली: बिल मागणाऱ्या ग्राहकाला कराचा काही भाग परत आणि वर लॉटरीचं तिकीट. दुकानदारांनी दाखवलेली विक्री खरोखरच वाढली.

घरी येताना आत्याला म्हटलं, "तीन टक्के वाचवलेस, पण कुणाचे?" ती म्हणाली, "अगं, ते जातात कुठे हे कोण बघतंय?"

आत्या कचरा शुल्क मात्र कधीच थकवत नाही. पालिकेची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत तिच्या दारात येते. ओला-सुका कचरा वेगळा करून डबे घेऊन ती आधीच फाटकाशी उभी असते.