जेटवरचा मळ कुठून आला? मॉडेलच्या वेदरिंगची (मळ-झीज रंगाने दाखवण्याची) पार्श्वभूमी

1:72 स्केलच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेलवर 0.2 मिमी रुंदीची काळी पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याची रेषा, मारली, तर खऱ्या विमानावर ती 14.4 मिमीची फट होते. बोट जाईल एवढी फट! तरीही जेट मॉडेलवर ही काळी जाळी काढायची सवय पडली. तिचं कारण खऱ्या विमानापेक्षा किटच्या साच्यात जास्त सापडतं.

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं पहिलं विमान, म्हणजे 1950च्या दशकातलं स्पिटफायर, आणि पुढची कितीतरी वर्षं निघालेली किटं यांत पॅनल लाइन उठावदार असायच्या. मोनोग्राम कंपनीची 1:48 जेट आकाराला आणि कॉकपिटच्या बारकाव्याला आजही मान मिळवतात, पण त्यांच्याही रेषा वर आलेल्याच. अशा पृष्ठभागाला ड्रायब्रश सोयीचा. ब्रशातला बहुतेक रंग कागदावर पुसायचा आणि उरलेला उठावांवरून हलक्या हाताने फिरवायचा. वॉश, म्हणजे रेषांत साचण्यासाठी फिरवलेला पातळ गडद रंग, मात्र इथे फसतो. तो उठावाच्या दोन्ही बाजूंना साचतो आणि एका रेषेच्या दोन मळकट रेषा होतात. शिवाय जोड घासताना उठावाची रेषाच नाहीशी होते. 1980च्या दशकात हासेगावासारख्या कंपन्यांनी खोदीव रेषा रुळवल्या. वॉश आता रेषेत आपोआप धावू लागला आणि बेत उलटा झाला. त्याच सुमारास बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांची वॉश-ड्रायब्रशची पद्धत गाजत होती. ती रणगाडे आणि डायोरामाच्या (मॉडेलच्या देखाव्यांच्या) जगात मुरलेली. चिखलाने माखणाऱ्या यंत्राचे संस्कार असे नियमित धुतल्या जाणाऱ्या यंत्रावर आले.

दरम्यान खरी विमानंही बदलत होती, आणि या विषयातला सगळ्यात रसाळ भाग तोच. अमेरिकन नौदलाने 1955 पासून वर फिकट करडा एफएस (अमेरिकी सरकारचं रंग-मानक, फेडरल स्टँडर्ड) 36440 आणि खाली पांढरा 17875 घेतला. एफएस क्रमांकाचा पहिला आकडा चकाकी सांगतो: 1 म्हणजे चकचकीत, 2 अर्धचकचकीत, 3 मॅट. चकचकीत पांढऱ्यावर मळ टिकत नाही, हायड्रॉलिक तेलाचे ओघळ मात्र लगेच दिसतात. 1980च्या दशकात कमी दिसणारे मॅट करडे रंग आले: 35237, 36320, 36375. मॅट थर तेल शोषतो, बुटांचे ठसे धरतो. खाऱ्या हवेत गंज लागला की कर्मचारी तेवढा भाग घासून नवा रंग मारतात, आणि तो जुन्या, उन्हाने विटलेल्या रंगाशी जुळत नाही. त्या काळातली एफ-14 लढाऊ विमानं ठिगळं लावल्यासारखी दिसतात ती यामुळे. हा परिणाम वॉशने येत नाही. मूळ रंगात 5-10 टक्के पांढरा किंवा गडद करडा मिसळून वेगवेगळ्या आकाराचे ठिपके एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) मारावे लागतात, मुख्यतः पॅनलच्या कडा, झाकणं आणि स्क्रूंच्या ओळींवर.

एअरब्रश सर्रास झाल्यावर प्री-शेडिंग आलं: आधी रेषांवर काळा, मग वरून मूळ रंगाचे पातळ थर. त्यात प्रत्येक पॅनल मधोमध उजळ आणि कडेला गडद होतो, आणि विमानाची गोधडी होते. त्यावरचा उतारा म्हणून 2010च्या दशकात ब्लॅक बेसिंग लोकप्रिय झालं. सगळं मॉडेल काळं करायचं, 0.2 मिमी सुई आणि 10-12 पीएसआय (दाबाचं एकक) दाबाने मूळ रंगाच्या वेड्यावाकड्या रेघोट्या भरायच्या, मग अगदी पातळ थराने सगळं एकजीव करायचं. हा शेवटचा थर दाट झाला की आधीची सगळी मेहनत झाकली जाते. 2000 नंतर स्पेनच्या मिग हिमेनेस यांच्यासारख्यांनी फिल्टर (छटा बदलणारा अगदी पातळ रंग), पिगमेंट (रंगाची कोरडी भुकटी) आणि तयार वॉश बाटलीत आणले. त्यामुळे रंग मिसळण्याचा त्रास वाचला, पण सगळ्यांची मॉडेलं एकाच छटेत मळू लागली, हेही खरं.

वॉशमागचं रसायन मात्र तेच आहे. ऍक्रिलिक किंवा लॅकरवर चकचकीत क्लिअरचे (पारदर्शक वार्निशचे) दोन थर, 24 ते 48 तास सुकवणं, मग एक भाग ऑइल पेंट आणि 8-10 भाग एनॅमल थिनर. 20-30 मिनिटांनी पुसायचं: पंखांवर पुढून मागे, म्हणजे हवेच्या दिशेने. क्लिअरशिवाय मॅटवर वॉश टाकला तर डाग पसरतो आणि निघत नाही. उघड्या प्लॅस्टिकच्या सांध्यात थिनर मुरला तर ताणलेला भाग तडकतो. करड्या जेटवर काळ्याऐवजी मूळ रंगाहून दोनच छटा गडद करडा घ्यावा.

धातूच्या भागांचा इतिहास वेगळा. एफ-100 या जेट लढाऊ विमानाच्या शेपटाकडचा उघडा धातू उष्णतेने रंग बदलत असे, आणि चंदेरी एनॅमलने तो कधीच साधला नाही. अल्क्लॅडसारख्या धातूच्या चमकीच्या लॅकरने चित्र बदललं, अट एकच: खाली चकचकीत काळा हवा. खालच्या थरात धूळ असेल तर तीही चकाकते. उष्णतेच्या छटा क्रमाने येतात: कमी तापलेल्या भागात गवती पिवळा, मग तपकिरी-जांभळा, सर्वात तापलेल्या भागात निळा. हे रंग पारदर्शक करून मारायचे. नॉझलच्या (इंजिनाच्या मागच्या तोंडाच्या) आत मात्र काजळीचा काळा थापू नये. एफ-15, एफ-16च्या आफ्टरबर्नरमधलं (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळणाऱ्या भागातलं) सिरॅमिक अस्तर पांढुरकं असतं, त्यावर राखाडी-तपकिरी ओघळ पुरतात.