सिग्नलवेळांची फेरआखणी

चौकातील सिग्नलचे एकूण चक्र (सर्व दिशांना एकेकदा हिरवा मिळायला लागणारा वेळ), प्रत्येक दिशेचा हिरवा काळ आणि लगतच्या दोन चौकांतील हिरव्याची सांगड नव्याने मोजलेल्या वाहतुकीनुसार बदलण्याची पद्धत. रस्ता रुंद न करता वाहनांचे ताटकळणे, इंधन आणि धूर कमी होतो, हा तिचा मुख्य लाभ. कॅलिफोर्नियात 1983 पासून राबवलेल्या कार्यक्रमात इंधनाची बचत सुमारे 8 टक्के नोंदली गेली.

विजेच्या सिग्नलचा आरंभ कोणी सॉल्ट लेक सिटीत 1912 च्या सुमारास, तर कोणी क्लीव्हलंडमध्ये 1914 साली मानतात. दुसऱ्या मताला कागदोपत्री आधार अधिक आहे. वेळ ठरवण्याचे शास्त्र मात्र ब्रिटिश संशोधक वेबस्टर यांच्या 1958 च्या सूत्राने स्थिरावले. दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांच्या दीडपटीत 5 मिळवायचे आणि 1 मधून चौकाचा भार वजा करून उरेल त्याने भागायचे, की चक्राचे सेकंद मिळतात. भार म्हणजे प्रत्येक टप्प्यातील (एकाच वेळी हिरवा मिळणाऱ्या बाजूंच्या गटातील) सर्वाधिक दाटीच्या बाजूची आवक भागिले त्या बाजूची कमाल क्षमता, यांची बेरीज. 12 सेकंद वाया जात असतील आणि भार 0.8 असेल, तर चक्र 115 सेकंदांचे येते, भार 0.5 वर उतरला की 46 सेकंद पुरतात. गर्दीचे चक्र दुपारीही तसेच ठेवले, तर समोरचा रस्ता मोकळा असूनही लोक लाल दिव्यापाशी खोळंबतात. फेरआखणीचा सर्वांत स्वस्त लाभ इथेच आहे.

वाद आहे तो क्षमतेच्या आकड्याचा. जुन्या ब्रिटिश गणितात दर मीटर रुंदीला ताशी 525 कार-एकके (प्रत्येक वाहन किती कारांइतके, असे मोजलेली संख्या) धरली जात. आपल्याकडे दुचाकी आणि रिक्षा लेन पाळत नाहीत, फटीफटीतून थांबरेषेपर्यंत पुढे येतात आणि हिरवा लागताच एकदम सुटतात. 2017 च्या भारतीय महामार्ग क्षमता पुस्तिकेत 7 मीटरपेक्षा अरुंद बाजूला 630 आणि 10.5 मीटरपेक्षा रुंद बाजूला 500 असे, त्याच एककातले आकडे आहेत. नाशिकसाठी ते अधिक विश्वसनीय मानावेत, पण त्या त्या चौकात मोजून ताडल्यावरच.

नाशिकमधील त्र्यंबक नाका, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), मेहेर सिग्नल, अशोक स्तंभ हा सुमारे 1.1 किलोमीटरचा पट्टा सांगड घालण्यास सोयीचा आहे. दोन चौकांत 300 मीटर अंतर आणि ताशी 30 किलोमीटर वेग धरल्यास पुढचा हिरवा 36 सेकंदांनी लागावा. चक्र दोन्हीकडे सारखेच हवे. सीबीएसबाहेर एसटी वळताना किंवा रिक्षा थांबताना हा हिशेब विस्कटतो. पुणे रस्ता आणि मुंबई-आग्रा महामार्ग मिळतात त्या द्वारका चौकासारख्या ठिकाणी भार 1 च्या जवळ गेला, की सूत्रच निरुपयोगी ठरते. तिथे वळणे कमी करणे किंवा वाहतूक वळवणे भाग पडते.

पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 12 मीटरचा रस्ता ओलांडायला म्हणजे 10 सेकंद लागतात. पंचवटीत दर्शनाला येणाऱ्या वृद्धांना त्याहून जास्त. वाहनांचा खोळंबा वाचवण्यासाठी या सेकंदांना हात लावू नये. वेळांची तपासणी दर तीन ते पाच वर्षांनी करण्याची शिफारस आहे. सिंहस्थाच्या पर्वणीला रस्तेच वळवले जात असल्याने त्या दिवसांचे वेळापत्रक वेगळे आखावे लागते.