पेंढ्याआडचं खोड

थंडी पडली की कोरियातले फोटो फिरायला लागतात. सोलमधली रस्त्याकडेची झाडं, खोडाभोवती भाताच्या पेंढ्याचं जाड वेष्टन आणि त्यावर दोरीचे वेढे. खाली ठरलेली ओळ असते: ‘कोरियन लोक झाडांनाही स्वेटर घालतात.’ कल्पना गोड आहे, पण स्वेटर आपल्या शरीरात तयार होणारी उष्णता अडवून धरतो आणि झाडाकडे अडवण्याजोगी उष्णताच नसते. आठवडाभर सलग उणे १२ अंश थंडी राहिली, तर जमिनीकडून येणारी थोडीशी ऊब सोडता पेंढ्याआतलं खोडही जवळपास तेवढंच गार होतं. मग इतकी मेहनत कशासाठी?

कोरियाचा हिवाळा सायबेरियाकडून येणाऱ्या कोरड्या हवेचा असतो. आकाश निरभ्र, पानं झडलेली आणि सूर्य खाली झुकलेला, त्यामुळे दुपारचं ऊन खोडाच्या नैऋत्य बाजूवर जवळजवळ सरळ पडतं. वारा नसेल तर तिथली साल हवेपेक्षा १५-२० अंशांनी सहज तापते. बाहेर उणे पाच आणि सालीखाली अधिक दहा! सूर्य डोंगराआड गेला की तीच साल तासाभरात पुन्हा शून्याखाली जाते. झाड दगावतं ते बहुतेकदा या झोक्याने.

झाड गोठतं म्हणजे नेमकं काय होतं, ते इथे पाहायला हवं. थंडी सावकाश वाढली, तर बर्फ आधी पेशींच्या बाहेर, पेशीभित्तिकांमधल्या मोकळ्या जागेत धरतो. तिथलं पाणी जवळजवळ शुद्ध असतं, तर पेशीतलं साखर आणि क्षारांनी दाट झालेलं. बाहेर तयार झालेला बर्फ पेशीतलं पाणी ओढून घेऊ लागतो. या ओढीचा जोर शून्याखालच्या प्रत्येक अंशाला साधारण १.२ मेगापास्कलने वाढतो. म्हणजे उणे दहाला सुमारे १२ मेगापास्कल, वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ १२० पट. पेशी आक्रसते, सुकते, आतला रस आणखी दाट होतो, त्यामुळे तो गोठत नाही. काटक झाड हा कोरडेपणा सोसू शकतं, कारण शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागल्यापासून त्याने स्टार्चची साखर केलेली असते, पेशीपटलातली मेदाम्लं बदललेली असतात, पटलांना आधार देणारी प्रथिनं साठवलेली असतात. या तयारीला आठवडे लागतात, पण चार-दोन उबदार दुपारी ती मोडायला पुरतात. त्यात तापमान झपाट्याने उतरलं तर पाण्याला पेशीबाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग बर्फ पेशीच्या आतच धरतो, पटलं फाटतात आणि पेशी मरते. वसंतात त्या बाजूची साल उभी चिरलेली किंवा सुटून आलेली दिसते, आणि तिच्याखाली खोड जाड करणारा कॅम्बियमचा थर तपकिरी पडलेला असतो.

पेंढा आधी सावली धरतो आणि मग तापमानाची चढउतार संथ करतो. भाताची काडी आतून पोकळ असते, शिवाय काड्यांच्या मधे हवा अडकते. पण पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून भिजलेला पेंढा कुचकामी. बांधणीचं सगळं तंत्र पेंढा कोरडा राखण्यासाठीच आहे.

पानं गळून झाली की नोव्हेंबरात बांधणी करतात. त्याआधी मुळांना भरपूर पाणी देतात आणि बुंध्याशी माती चढवतात. पेंढ्यात दाणे राहू द्यायचे नाहीत, नाहीतर उंदीर येतात आणि दाणे संपले की साल कुरतडतात. पेंढ्या उभ्या लावायच्या, सुरुवात खालून. वरचा थर खालच्यावर कौलांसारखा चढला म्हणजे पाणी बाहेरून ओघळतं. थर चार-पाच सेंटिमीटरचा आणि दर वीत-दीड वीत अंतरावर पेंढ्याचीच पिळलेली दोरी, ‘सेक्कीजुल’. वरून प्लास्टिक गुंडाळणं ही हमखास होणारी चूक. आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. आता पुष्कळ ठिकाणी पेंढ्याऐवजी ज्यूटच्या पट्ट्या वापरतात.

हे सगळ्याच झाडांना लागत नाही. पाइन किंवा गिंको स्वतः समर्थ आहेत. जपायचं ते पातळ सालीच्या, दक्षिणेकडच्या किंवा नुकत्याच लावलेल्या झाडांना: पर्सिमन, आणि विशेषतः ‘पेरोंग’, म्हणजे क्रेप मर्टल, आपल्या ताम्हणाचा सख्खा चुलतभाऊ. सोलमधल्या झाडांवर मधूनमधून लोकरीचे रंगीत विणकामही चढवलेलं दिसतं. शोभेला ते छान आहे, पण त्याने झाड ‘उबदार’ राहतं, हे कुणी सांगितलं तर मानू नका.

पाइनच्या खोडावर छातीच्या उंचीला दिसणारा पेंढ्याचा अरुंद पट्टा मात्र वेगळाच प्रकार आहे. तो ‘चाम्बोक्सो’, किड्यांचा सापळा. पाइनची पानं खाणारे पतंगाचे सुरवंट थंडीसाठी खाली उतरतात, म्हणून पट्टा वरून सैल आणि खालून घट्ट बांधायचा. मार्चच्या सुरुवातीला, किडे जागे होतात असं मानलेल्या ‘क्योंगछिप’ या दिवसाच्या आधी, तो सोडून जाळायचा. युक्ती चतुर आहे, पण हिशेब जुळत नाही. जपानमध्येही हीच प्रथा आहे. तिथे हिमेजी किल्ल्यातल्या पाइनवरचे पट्टे उघडून मोजणी केली, तेव्हा सुरवंट थोडे आणि त्यांना खाणारे कोळी आणि शिकारी ढेकूणच जास्त निघाले. पट्टा जाळताना आपण आपलेच राखणदार जाळतो. कोरियातल्या तज्ज्ञांचाही आता या पट्ट्यांना विरोध आहे. शिवाय १९८८ मध्ये बुसानला आढळलेला पाइनचा सूत्रकृमी (धाग्यासारखा सूक्ष्म जंत) हा तिथल्या पाइनचा आजचा मोठा शत्रू. त्याला वाहून नेणाऱ्या भुंगेऱ्याची अळी लाकडाच्या आत हिवाळा काढते. बाहेरच्या पट्ट्याशी तिचा संबंधच येत नाही.

वेष्टन मात्र मार्चमध्ये, कडाक्याची थंडी ओसरली की उतरवायला हवं. उशीर झाला तर ओल धरून साल कुजते. पेरोंगला पालवी फार उशिरा, एप्रिल संपताना फुटते. शेजारची झाडं हिरवी झालेली पाहून लोक त्याला मेलेलं समजतात आणि तोडून टाकतात. करवत उचलण्याआधी एखाद्या फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. ती फांदी कोरडी निघाली तर खाली खोडावर खरवडावं, आणि तिथेही तपकिरी निघालं तरी बुंध्यातून धुमारे येतात का, ते जूनपर्यंत पाहावं.