बोधांकावरून ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तक कसे शोधावे : पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

पुस्तकाच्या कण्यावर खालच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोधांक असतो. बोलताना बहुतेक जण त्याला कॉल नंबरच म्हणतात. त्याचे मुख्य भाग दोन: वर्गांक विषय सांगतो आणि त्याखालचा ग्रंथांक त्या विषयातले नेमके पुस्तक ओळखायला मदत करतो. ग्रंथांक सहसा लेखकाच्या आडनावावरून करतात. काही वेळा त्याला प्रकाशनवर्ष किंवा खंड क्रमांक जोडतात. शीर्षक अर्धवट आठवत असेल, तालिकेत (म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत, कॅटलॉगमध्ये) ते वेगळ्या लेखनाने नोंदले असेल किंवा एका विषयावरची सगळी पुस्तके एकत्र पाहायची असतील, तर बोधांकाइतका भरवशाचा मार्ग नाही.

कोण शोधू शकते?

ग्रंथालयाची तालिका ऑनलाइन खुली असेल तर शोधायला सभासदत्व लागत नाही, कागदपत्रेही लागत नाहीत. सभासद क्रमांक आणि पासवर्ड लागतो तो पुढच्या टप्प्यावर, म्हणजे पुस्तक राखून ठेवताना किंवा मुदत वाढवून घेताना. पुस्तक घरी न्यायचे तर सभासद व्हावे लागते. त्यासाठी सहसा अर्ज, छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात. अल्पवयीन अर्जदाराला पालकांची सही लागते. शैक्षणिक संस्थेच्या ग्रंथालयात संस्थेचे ओळखपत्र दाखवावे लागते आणि बाहेरच्या अभ्यासकाकडे अनेक ठिकाणी शिफारसपत्र मागतात.

शोधाची पद्धत

तालिकेच्या मुख्य चौकटीत नुसता आकडा टाकला तर तो शीर्षक, वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) अशा सगळीकडे शोधला जातो आणि नको त्या नोंदींचा ढीग पडतो. म्हणून आधी शेजारच्या यादीतून ‘कॉल नंबर’ निवडा. ही निवड दिसली नाही तर ‘प्रगत शोध’ उघडा. कोहा ही ग्रंथालयांसाठीची संगणक प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयांतही अशी निवड असते.

आता टाकायचे काय? एकच पुस्तक हवे असेल तर पूर्ण बोधांक, टिंब आणि मोकळ्या जागेसह, जसाच्या तसा. विषय चाळायचा असेल तर फक्त वर्गांक. माझ्या मते खरा फायदा या दुसऱ्या प्रकारातच आहे. 1876 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ड्युई दशांश वर्गीकरणात (विषयांना आकडे देण्याच्या पद्धतीत) 500 म्हणजे विज्ञान, 520 म्हणजे खगोलशास्त्र आणि 523.4 म्हणजे ग्रह. बोधांकाच्या क्रमाने यादी चाळायची सोय असेल तर 523.4 टाकल्यावर 523.43 मंगळ, 523.45 गुरू, 523.46 शनी असे एकामागून एक दिसतात. काही तालिकांत नोंदीखाली शेल्फ पाहण्याची लिंक असते. ती दाबली की आजूबाजूची पुस्तके दिसतात.

क्रम वाचताना मात्र नवखे वाचक हमखास गोंधळतात. शनीवरचे 523.46 हे ताऱ्यांवरच्या 523.8 च्या आधी येते. टिंबानंतरचे ‘सेहेचाळीस’ आणि ‘आठ’ अशी तुलना करायची नाही, एकेक अंक पाहायचा: 4 आधी, 8 नंतर. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाच्या वर्गीकरण पद्धतीत सुरुवात अक्षरांनी होते आणि त्यांच्यामागचा आकडा पूर्णांक म्हणून वाचतात. म्हणून क्यूए 9 आधी आणि क्यूए 76 नंतर. त्याच बोधांकात पुढे लेखकाचे अक्षर आले की त्यामागचे अंक पुन्हा दशांशाप्रमाणे वाचायचे. डी 26 हे डी 3 च्या आधी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे 1933 मधले द्विबिंदू वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात चिन्हे आणखी वेगळी असतात. तिथे बोधांक अंदाजाने टाइप करू नका, नोंदीतून कॉपी करा.

काहीच सापडले नाही तर आधी कीबोर्ड तपासा. बोधांक 0 ते 9 या आंतरराष्ट्रीय अंकांत नोंदलेला असेल तर देवनागरी अंक टाकून निकाल रिकामा येऊ शकतो. मग शेवटचा भाग खोडून फक्त वर्गांकाने पाहा. संदर्भ ग्रंथांच्या बोधांकाआधी कधी कधी विभागाचे वेगळे अक्षर असते, तेही पाहा. दाखल क्रमांक म्हणजे बोधांक नव्हे. तो प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र असतो, तर एकाच पुस्तकाच्या पाच प्रतींचा बोधांक एकच असू शकतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा: छापील पुस्तक कपाटात एकाच जागी राहू शकते. शनीकडे पाठवलेल्या यानाबद्दलचे पुस्तक 523.46 ऐवजी अंतराळयानाच्या 629.4 मध्ये असू शकते. त्यामुळे एक चांगले पुस्तक सापडले की त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावरही क्लिक करा.

पुस्तक हातात येईपर्यंत

नोंदीतून चार गोष्टी टिपून घ्या: पूर्ण बोधांक, विभाग किंवा मजला, खंड आणि स्थिती. ‘उपलब्ध’ असेल तरच कपाटाकडे जा. बाहेर दिलेले असेल तर राखून ठेवा. मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक घेण्याची मुभा) नसेल तर मागणीपत्रावर बोधांक, शीर्षक, लेखक आणि सभासद क्रमांक लिहून ते देवघेव विभागात द्या. ‘उपलब्ध’ असूनही जागेवर नसेल तर दोन्ही बाजूंची काही पुस्तके आणि परत आलेल्या पुस्तकांची गाडी पाहा. तरीही मिळाले नाही तर नोंदीतला दाखल क्रमांक काउंटरवर द्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना नेमकी तीच प्रत शोधता येईल.